कासरा पोराच्या हाती केव्हा द्यायचा?



गावोगाव शेतकऱ्यांच्या बैठका घेताना एक गोष्ट मी नेहमी पाहतो. पुढच्या सतरंजीवर वडीलधारी मंडळी बसतात. तरुण पोरे मागे भिंतीला टेकून उभी असतात. मी विचारतो, "यंदा कपाशीवर कोणते औषध मारले?" वडील मागे वळून पोराकडे पाहतात, पोरगा हळूच नाव सांगतो, आणि तेच नाव वडील मला मोठ्याने सांगतात. फवारणी पोराने केलेली असते. रात्री मोटार चालू करायला तोच जातो. पण सातबारा वडिलांच्या नावावर, सोसायटीचे खाते वडिलांच्या नावावर, बाजाराची पट्टीही वडिलांच्याच खिशात. असे हे पोर तिशीपर्यंत 'घरीच असते'. सोयरीक जुळवायला गेले की पाहुणे विचारतात, "मुलगा काय करतो?" आणि घरची माणसे खाली पाहतात.

पोरगा दिवसभर राबतो, तरी त्याला कोणी कामाचा माणूस म्हणत नाही. ही बेकारीच नव्हे काय? हाच प्रश्न दूर युरोपातल्या शेतकऱ्यांपुढेही उभा राहिला. तिथल्या सरकारांनी त्यावर काय उपाय केले, कोणते साधले आणि कोणते फसले, ते आज तुम्हांला सांगतो. ऐकून घ्या, मग आपल्या घरापुरते काय घ्यायचे ते तुम्हीच ठरवा.

श्रीमंत देशांतही हात रिकामे

युरोप म्हटले की आपल्याला सुबत्ता आठवते. पण २०१३ साली स्पेन आणि ग्रीस या देशांत पंचविशीच्या आतले, कामाला बाहेर पडलेले शंभर तरुण मोजले, तर त्यांतल्या पन्नासांहून अधिक जणांना काम नव्हते. शिकत असलेली मुले या हिशोबात धरलेली नाहीत, हे ध्यानात घ्या. त्याच वर्षी जर्मनीत हा आकडा शंभरांत आठाच्याही आत होता. खंड एकच, मग एवढा फरक का?

त्याची कारणे अनेक आहेत. स्पेन-ग्रीसची अर्थव्यवस्थाच त्या वेळी खचली होती. पण एक कारण आपल्या समजुतीतले आहे. जर्मनीत शाळा आणि काम यांच्यामध्ये एक पूल पूर्वीपासून बांधलेला आहे. त्या पुलाचे नाव उमेदवारी.

उमेदवारी म्हणजे फुकट राबणे नव्हे

आपल्याकडेही सुताराच्या, शिंप्याच्या हाताखाली पोरे उमेदवारी करीत. जर्मनीने हीच जुनी रीत १९६९ साली देशभराच्या एका कायद्यात बसवली. मुलगा किंवा मुलगी कारखान्यात, दुकानात किंवा शेतावर लेखी करार करून कामाला लागते. आठवड्यातले एक-दोन दिवस, किंवा अधूनमधून सलग काही आठवडे, धंदेशिक्षणाच्या शाळेत जायचे आणि बाकीचे दिवस प्रत्यक्ष काम करायचे. मालकाने दरमहा विद्यावेतन द्यायचे. काय शिकवायचे हे मालकाच्या मर्जीवर नाही, ते आधीच ठरलेले असते. शेवटी बाहेरचे परीक्षक परीक्षा घेतात आणि देशभर चालणारा दाखला मिळतो. असे सव्वातीनशेच्या आसपास धंदे तिथे मान्य आहेत आणि शेती हा त्यांतलाच एक आहे. शेतकऱ्याची उमेदवारी साधारण तीन वर्षांची असते.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. शेतकऱ्याचा मुलगा असला तरी सारी उमेदवारी बापाच्याच शेतावर करावी, असा प्रघात तिथे नाही. वर्ष-दोन वर्षे तो दुसऱ्याच्या गोठ्यात, दुसऱ्याच्या शेतात काढतो. घरी दूध काढण्याची एकच तऱ्हा त्याने पाहिलेली असते. तिथे त्याला दुसरी दिसते. चूक केली तर बोलणारा बाप नसतो, शिकवणारा उस्ताद असतो. पुढे आणखी शिकून परीक्षा दिली की तो स्वतःच उस्ताद होतो आणि उमेदवार घेऊ शकतो. शेतकरी हा तिथे शिकून, परीक्षा देऊन होतो. म्हणून "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "शेतकरी आहे" असे ताठ मानेने सांगता येते.

चार मुलांची शाळा

दुसरी गोष्ट फ्रान्सची. देशाच्या नैर्ऋत्येला सेरिन्याक-पेबुदू नावाचे लहान खेडे आहे. तिथे ज्याँ पेरा नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा शेती सोडून पुढच्या शाळेत जायला तयार होईना. बापाने गावचे धर्मगुरू ग्रानरो यांच्याकडे ही गोष्ट काढली. ग्रानरो स्वतः शेतकऱ्याच्या घरचे. शाळेत गेलेला मुलगा शेतीला परका होतो आणि शेतीत राहिलेला अडाणी राहतो, ही खंत त्यांनाही होती. मग त्यांनी आणि गावातल्या बापांनी मिळून मधला मार्ग काढला. नोव्हेंबर १९३५ मध्ये चार मुले धर्मगुरूंच्या घरी राहायला आली. महिन्यातला एक आठवडा तिथे राहून शिकायचे आणि बाकीचे आठवडे घरच्या शेतावर काम करायचे. शेतीचे धडे टपालाने येत.

त्या चार मुलांतून वाढत वाढत आज फ्रान्समध्ये अशी चारशेहून अधिक ग्रामीण कुटुंब-विद्यालये झाली आहेत. शेतीबरोबर इतर धंदेही तिथे शिकवले जातात. शाळा चालवणारे मंडळ पालकांचे असते. सरकार आले ते नंतर. १९८४ च्या कायद्याने सरकारने अशा शाळांशी करार करून खर्चाचा वाटा उचलला. आधी गावाने वाट पाडली आणि मग सरकारने तिच्यावर खडी टाकली, असा हा क्रम आहे.

शिकला, पण जमीन कुठे?

आता अवघड गाठ. पोरगा शिकला, पण जमीन बापाच्या नावे आणि बाप सत्तरीचा होईतो सोडायला तयार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये हेच झाले होते. तरुण शहराकडे चालले होते. तेव्हा तरुण शेतकऱ्यांनीच संघटना उभारून आवाज उठवला. मिशेल देबातीस हा शेतकरी त्यांचा पुढारी. त्यांची मागणी नुसत्या भाववाढीची नव्हती. जमीन, शिक्षण आणि कारभारात हक्क आम्हांला द्या, असे ते म्हणत. त्यातून १९६० आणि १९६२ चे शेतीविषयक कायदे झाले. दुसऱ्या कायद्याच्या वेळी एदगार पिसानी हे शेतीमंत्री होते.

त्या कायद्यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, शेतजमिनीच्या खरेदी-विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्था निघाल्या. जमीन विकायला निघाली की त्यांना कळवावे लागते. जरूर पडल्यास त्या आधी स्वतः विकत घेतात आणि तरुणाला किंवा जमीन अपुरी असलेल्या शेजाऱ्याला देतात.

दुसरी, म्हाताऱ्या शेतकऱ्याने जमीन पुढच्या हाती सोपवून निवृत्त व्हायचे ठरवले, तर त्याला सरकारकडून आयुष्यभर ठरावीक रक्कम मिळण्याची सोय झाली. ही गोष्ट फार समजून घेण्यासारखी आहे. म्हातारा जमीन धरून ठेवतो तो लोभाने नव्हे, भीतीने. जमीन गेली तर उद्या मला कोण विचारील? ती भीती आधी काढली, मग हात सैल झाला.

तिसरी, बाप-लेकांना किंवा भावाभावांना भागीदारीत शेती करण्याची कायदेशीर सोय झाली. तीत मुलगा गडी नसतो, बरोबरीचा भागीदार असतो. सरकारी मदत ठरवताना प्रत्येक भागीदाराचा स्वतंत्र विचार होतो. मात्र घरच्या लक्ष्मीला न्याय मिळायला उशीर लागला. नवरा-बायको दोघांनीच मिळून अशी भागीदारी करण्याची मुभा तिथे २०१० साली मिळाली. शेतात निम्मे काम बाई करते आणि कागदावर तिचे नाव नसते, ही तऱ्हा काही आपल्याकडचीच नाही!

पुढे १९७३ पासून, सुरुवातीला डोंगराळ भागात आणि नंतर देशभर, शेती सुरू करणाऱ्या तरुणाला भांडवलासाठी अनुदान मिळू लागले. अट अशी की वय चाळिशीच्या आत हवे, शेतीचे शिक्षण हवे आणि पुढच्या काही वर्षांच्या जमाखर्चाचा आराखडा लिहून द्यावा. हा धडा आता सगळ्या युरोपीय संघाने घेतला आहे. आज हा संघ २७ देशांचा आहे. २०२३ पासूनच्या शेतीधोरणात प्रत्येक देशाने शेतकऱ्यांना थेट द्यायच्या पैशांतल्या शंभरातल्या किमान तीन भागांएवढी रक्कम तरुण शेतकऱ्यांसाठी राखावी, असे ठरले आहे. नव्याने शेतीत उतरणाऱ्याला एक लाख युरोपर्यंत मदत देता येते. आपल्या पैशात हे साधारण एक कोटी रुपये होतात.

चार महिन्यांची हमी

हे झाले शेतीत राहणाऱ्यांचे. पण प्रत्येक पोराला शेती पुरणार नाही, हे तिथेही खरे आणि इथेही. म्हणून एप्रिल २०१३ मध्ये युरोपीय संघातल्या देशांनी एक ठराव केला, 'युवक हमी'चा. पंचविशीच्या आतल्या मुलाने शाळा सोडली किंवा त्याचे काम सुटले, तर चार महिन्यांच्या आत त्याच्यापुढे काही तरी ठेवायचे. नोकरी, पुढचे शिक्षण, उमेदवारी किंवा कामाचा अनुभव, यांपैकी एक, आणि तेही बऱ्या दर्जाचे. २०२० मध्ये ही वयाची मर्यादा तीस वर्षांपर्यंत वाढवली.

हमी हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी तुमच्यापैकी पोक्त मंडळींना आठवत असेल. आपली हमी होती मागेल त्याला काम देण्याची. युरोपची हमी आहे ती तरुणाला वाऱ्यावर न सोडण्याची. चारच महिने का? रिकामे बसलेले पोर जितके अधिक दिवस रिकामे राहते, तितके त्याला उठवणे अवघड जाते. ओल उडून गेल्यावर पेरणी करून काय उपयोग?

फसले कुठे?

सरकारने योजना काढली आणि सगळे गोड झाले, असे सांगितले तर ती तुमची फसवणूक होईल. संघाच्या हिशोब तपासनीसांनी सात देशांत जाऊन पाहिले आणि २०१७ साली अहवाल दिला. प्रत्येक तरुणाला चार महिन्यांत संधी मिळते, असे त्या सातांपैकी एकाही देशात आढळले नाही. जे तरुण कचेरीत नाव नोंदवायलाच येत नाहीत, त्यांच्यापर्यंत योजना पोहोचत नव्हती. काहींना मिळालेले काम थोड्याच दिवसांत संपले. २०१९ पर्यंत संघातल्या तरुणांची बेकारी शंभरांत तेवीस-चोविसांवरून पंधराच्या आसपास उतरली हे खरे. पण त्यात मधल्या काळात सावरलेल्या व्यापार-उद्योगाचाही वाटा आहे. सगळे श्रेय योजनेला देता येणार नाही.

शेतीतही तेच. २०२० च्या मोजणीत युरोपीय संघातले शंभर शेतकरी-कारभारी घेतले, तर चाळिशीच्या आतले जेमतेम बारा आणि पासष्टी गाठलेले किंवा ओलांडलेले तेहतीस. एवढे पैसे आणि एवढे कायदे असूनही कासरा अजून म्हाताऱ्यांच्याच हाती आहे. जमिनीच्या किमती चढलेल्या आहेत आणि बापाचे मन कायद्याने बदलत नाही. सरकार दार उघडू शकते, पण पोराला आत घ्यायचे ते घरच्यांनीच.

आपल्या घरी काय करता येईल?

त्यांच्या एवढी जमीन आणि पैसा आपल्याकडे नाही. पण पुढील गोष्टींना सरकारी मंजुरी लागत नाही.

एक, येत्या हंगामात एक एकर, नाही तर दोन म्हशी, पोराच्या किंवा पोरीच्या पूर्ण जबाबदारीवर द्या. बियाणे तिने निवडायचे, वही तिने लिहायची, पट्टी तिच्या हाती. नुकसान झाले तर बोलू नका. पहिल्या वर्षी तुमचेही झालेच होते.

दोन, एक हंगाम मुलाला दुसऱ्या चांगल्या शेतकऱ्याकडे, दूधसंघात, रोपवाटिकेत किंवा अवजारांच्या दुरुस्तीला उमेदवारीवर पाठवा. सोयऱ्याकडे नको, तिथे तो पाहुणा होतो.

तीन, कारभार एकदम सोडू नका. म्हातारपणाची तरतूद स्वतःजवळ ठेवा आणि टप्प्याटप्प्याने द्या. तोंडी नको, लिहून ठेवा. सुनेचे आणि लेकीचे नाव त्यात विसरू नका. आधी तलाठी आणि जाणत्या वकिलाचा सल्ला घ्या.

चार, दहावी-बारावी झालेले किंवा शहरातून परत आलेले प्रत्येक पोर गावाने वहीत लिहावे. चार महिन्यांनी ग्रामसभेत विचारावे, याचे काय झाले? नापास झाले, म्हणून ते नाव खोडू नये. युरोपात निसटले ते नेमके असेच, ज्यांना कोणी विचारायला गेले नाही.

आणि एक विनंती माझ्यासाठी. पुढच्या बैठकीला मी तुमच्या गावी येईन, तेव्हा पोरांना सतरंजीवर पुढे बसवा. फवारणीचे विचारले, तर उत्तर त्यांनाच देऊ द्या. चुकले तर मी सांगेन. तुम्ही शेजारी बसून ऐका.