थांबण्याचा सराव

म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतवसाहत म्हणून वसलेले व्हाइटफील्ड आज बंगळुरूच्या आयटी उद्योगाचे एक मोठे केंद्र आहे. देशभरातून आलेली माणसे, त्यांत आपली मराठी कुटुंबेही, इथल्या उंच इमारतींत शेजारी-शेजारी राहतात. २०२३ मध्ये मेट्रो पोहोचली, तरी होप फार्म चौकातली कोंडी ओळखीचीच आहे. पार्किंगवरून जुंपणारी भांडणे, डेडलाइनच्या तोंडावर चढणारा आवाज, शाळेच्या बसमध्ये होणारी दादागिरी हे इथले रोजचे संघर्ष. म्हणूनच सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये संध्याकाळी चालणाऱ्या कराटे, तायक्वांदो, जुदोच्या वर्गांत पालक मुलांना हौसेने घालतात. मूल खंबीर व्हावे, कुणी अंगावर आले तर त्याने डगमगू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती रास्त आहे. फक्त हा खंबीरपणा मारता येण्यातून येतो, असे समजण्यात गल्लत होते. माझ्या मते तो येतो ताण अंगावर घेऊनही वेळेवर थांबता येण्यातून, आणि ज्या वर्गात थांबायला शिकवत नाहीत, तिथे नुकसानही होऊ शकते.

जुदोच्या वर्गात सुरुवातीला शिकवतात ते पडायला. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची आणि तळहात मॅटवर सपकन आपटायचा. पडण्याची भीती गेली की अंग सैल होते आणि डोके चालू लागते. पुढे जोडीदाराशी झटापट सुरू होते. कुणी मानेभोवती पकड घट्ट केली की छाती धडधडते, श्वास अडतो, नजर आखडते. रस्त्यावर कुणी अंगावर धावून आले तर शरीर असेच वागते. फरक इतकाच, की इथे हाताने दोनदा थाप मारली की पकड तत्क्षणी सुटते. हरणाऱ्याला लाज नाही, जिंकणाऱ्याला सवलत नाही. हे शेकडो वेळा घडले की छाती धडधडली म्हणजे सगळे संपले असे नसते, हे शरीरालाच कळते. झेपेल एवढा ताण सुरक्षित वातावरणात पुन्हा पुन्हा देऊन माणसाला मोठ्या ताणासाठी तयार करण्याची पद्धत मानसोपचारातही आहे. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबाम यांनी ती मांडली. मॅटवर तेच अंगाने शिकले जाते.

जुदोचे प्रवर्तक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक. त्यांनी टोकियोतल्या एका मंदिरात अवघ्या बारा चटयांच्या जागेत आपली शाळा काढली, तीही व्हाइटफील्ड वसले त्याच १८८२ मध्ये. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले घातक डाव त्यांनी मोकळ्या झटापटीतून वगळले, त्यामुळे विद्यार्थ्यांना इजेची धास्ती न बाळगता पूर्ण जोर लावता आला. बंधन घातले म्हणून ताकद मोकळी झाली. आपल्या तालमीलाही हे शहाणपण ठाऊक आहे. लाल माती कपाळाला लावायची, हात मिळवायचा, वस्तादाने थांब म्हटले की थांबायचे, आणि चीत झालो की उठून पुन्हा मातीत उतरायचे.

यावर पहिला आक्षेप असा, की मारामारी शिकवून मारामारी कमी कशी होणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नॉर्वेतल्या मुलांच्या एका अभ्यासात मुष्टियुद्ध, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि पौर्वात्य युद्धकलांमध्ये भाग घेणाऱ्यांचे समाजविघातक वर्तन वाढलेले दिसले होते. पण १९८६ मध्ये मायकल ट्रल्सन यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग या कोड्याची उकल सुचवतो. गुन्हेगारी वळणाच्या किशोरांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला ध्यान, आदर आणि शिस्तीसह पारंपरिक तायक्वांदो शिकवले, दुसऱ्याला केवळ लढण्याचे तंत्र, तिसऱ्याला इतर व्यायाम दिला. पहिल्या गटाची आक्रमकता घटली, दुसऱ्याची वाढली. प्रयोग छोटा होता, त्यावरून सरसकट निष्कर्ष काढू नयेत. तरीही फटके तेच असताना परिणाम उलटा झाला, हे विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की मुळात शांत, शिस्तीची मुलेच अशा वर्गांत टिकतात, आणि फायदा तर कोणत्याही खेळाने होतो. याचे उत्तर लेक्स आणि हॉइट यांच्या २००४ च्या अभ्यासात काही अंशी मिळते. शाळेतल्या मुलांना नेहमीच्या पीटीऐवजी तायक्वांदो दिले, तेव्हा स्वतःवरचा ताबा अधिक सुधारला. त्या मुलांना स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकवले होते: मी कुठे आहे, मी काय करतो आहे, मी काय करायला हवे? माझ्या दृष्टीने मर्म इथेच आहे. मॅटवरचा संयम मीटिंगमध्ये किंवा पार्किंगच्या वादात आपोआप उतरत नाही. शिक्षकाने तो दुवा बोलून जोडून द्यावा लागतो. समोरचा तावातावाने बोलत असताना श्वास सावकाश सोडणे, अर्धे पाऊल मागे घेणे, माघारीला वाट ठेवणे हे डाव दोन्हीकडे चालतात. मात्र सततची उदासी किंवा छळाचा खोल घाव असेल तर त्यावर युद्धकला हा उपचार नव्हे. तिथे समुपदेशक किंवा डॉक्टरच हवा.

तेव्हा वर्ग निवडताना पालकांनी पदके आणि पट्ट्यांचे रंग मोजण्याआधी एक तास कोपऱ्यात बसून पाहावे. थाप पडताच पकड सुटते का? रडणाऱ्या मुलाची टिंगल होते का? मोठे मूल लहानाशी खेळताना जोर आवरते का, आणि शिक्षक स्वतः चिडल्यावर कसे वागतात? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर मुलाला जरूर घाला, आणि जमल्यास स्वतःही नाव नोंदवा. इतक्या भिन्न भाषांची, इतकी घाईतली माणसे जिथे एकत्र राहतात, तिथे वेळेवर थांबता येणारी माणसे वाढणे ही साऱ्या वस्तीचीच गरज आहे.