युवराज : तुरेवाला भारीट

चिमणीपेक्षा किंचित मोठा, सुमारे 17 सेंमी. नर काळा कुळकुळीत, पंख-शेपूट विटकरी, डोक्यावर टोकदार तुरा. मादी मातकट, रेघारेघांची, तुरा आखूड. साताऱ्याकडच्या खडकाळ, झुडपी उतारांवर पावसाळ्यात नर धोंड्याच्या टोकावर बसून गातो. पाहावा तर तेव्हाच. दगडाच्या आडोशाला किंवा दरडीच्या कपारीत गवताचं वाटीसारखं घरटं, त्यात 3-4 अंडी. जाड चोच बिया फोडायची, पिलांना मात्र किडे भरवले जातात. हिवाळ्यात सांगलीकडच्या शाळूवर उतरणारे मोठाले थवे याचे नव्हेत. ते पश्चिम आशिया, आग्नेय युरोपातून येणारे काळ्या डोक्याचे, पिवळ्या पोटाचे भारीट. राखणदाराची गोफण फिरते ती त्या पाहुण्यांवर.