पडद्याच्या कोपऱ्यातले ठिपके

अटलांटिक महासागरातला सारगॅसो समुद्र निळाशार आहे. पाणी इतकं निळं दिसतं, कारण त्यात वाढण्याजोगं फारसं काही नसतं. नत्र, स्फुरद, दोन्हींचा दुष्काळ. १९८०च्या दशकाच्या मध्यात रॉब ओल्सन आणि सॅली चिशोम हे शास्त्रज्ञ तिथे फ्लो सायटोमीटर घेऊन गेले. हे यंत्र मुळात रक्तातल्या पेशी मोजण्यासाठी बनवलेलं. बारीक धारेतून एकेक पेशी लेझरच्या झोतासमोरून जाते, आणि पेशीत हरितद्रव्य असेल तर तांबूस चमकते. प्रत्येक पेशीमागे पडद्यावर एक ठिपका उमटतो.

त्या पडद्याच्या अगदी कोपऱ्यात, यंत्राच्या स्वतःच्या खरखरीला लागूनच, फिकट ठिपक्यांचा एक पुंजका दिसत होता. खरखरच असणार, असं आधी वाटलं. पण जसजसं खोलवरचं पाणी तपासलं, तसतसे ते ठिपके जास्त तांबडे होत गेले. खरखरीला खोली कळत नाही. खोलवर उजेड कमी, म्हणून तिथला जीव अंगात जास्त हरितद्रव्य साठवतो. म्हणजे हे जिवंत काहीतरी होतं. १९८८मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला आणि पुढे या जीवाला नाव मिळालं, प्रोक्लोरोकॉकस.

याची पेशी अर्ध्या मायक्रॉनहून थोडी मोठी. माणसाच्या केसाच्या जाडीत शंभर सहज मावतील. प्रकाशसंश्लेषण करणारा याहून लहान जीव माहीत नाही. मिलीलिटरभर समुद्रपाण्यात हे एक लाखाच्या घरात सापडतात, म्हणजे चहाच्या चमच्यात पाच लाख. जगभरातली त्यांची अंदाजे संख्या लिहायची तर तिनावर सत्तावीस शून्यं द्यावी लागतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे विसावा हिस्सा याच्या नावावर जमा होतो. आणि १९८०च्या दशकापर्यंत त्याची दखलच कोणी घेतली नव्हती! पाठ्यपुस्तकातल्या समुद्राच्या अन्नसाखळीत तोवर याला जागाही नव्हती.

चिशोम यांना सगळे ‘पेनी’ म्हणतात. १९७६मध्ये त्या एमआयटीत रुजू झाल्या, त्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या विभागात. हा जीव सापडल्यानंतरची जवळजवळ चार दशकं त्यांनी या एकाच जीवावर घालवली. मला त्यांच्या कामातली खरी थोरवी इथे दिसते. नवा जीव सापडणं हा योगही म्हणता येईल. त्याच्याकडे चाळीस वर्षं पाहत राहणं हा योग नव्हे.

पाहत राहिल्यामुळेच एकेक गाठ सुटली. एकच समजलेला जीव प्रत्यक्षात अनेक वंशांचा निघाला. काही वंश वरच्या लख्ख उन्हात राहतात, काही शंभर-दीडशे मीटर खोल, जिथे फक्त निळा उजेड पोहोचतो. याचं हरितद्रव्यही वेगळं, निळा प्रकाश टिपण्यात तरबेज. एका पेशीत जेमतेम दोन हजार जनुकं, पण सगळ्या वंशांची मिळून ऐंशी हजारांच्या आसपास असावीत, असा अंदाज आहे. याच्यावर धाड घालणाऱ्या विषाणूंकडेही प्रकाशसंश्लेषणाची जनुकं सापडली. विषाणू ती वापरून पेशीची भट्टी चालू ठेवतो, कारण त्याला आपल्या प्रती काढायला ऊर्जा हवी असते! मग २०१४मध्ये कळलं की हा जीव पाण्यात इवलाल्या पिशव्या सोडतो. त्यांत डीएनए असतो, प्रथिनं असतात, आणि इतर जीवाणूंना त्यांतून खाद्यही मिळू शकतं.

पदकं आली, २०१९चा क्राफोर्ड पुरस्कारही आला. चित्रकार मॉली बँग यांच्याबरोबर चिशोम यांनी मुलांसाठी सूर्यप्रकाशावर पुस्तकं केली. त्यापलीकडे त्यांनी एक भूमिकाही घेतली. समुद्रात लोह टाकून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढवायचे, त्यांनी शोषलेला कार्बन बुडवायचा आणि त्याच्या बदल्यात कार्बन क्रेडिट विकायचे, अशी टूम निघाली होती. २००१मध्ये ‘सायन्स’मधून त्यांनी दोन सहकाऱ्यांसह तिला स्पष्ट विरोध केला.

या प्रश्नाशी गोव्याचा थेट संबंध आहे. २००९मध्ये दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसोबत दक्षिण अटलांटिकमध्ये ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. हा धंदा नव्हता, विज्ञान होतं. लोह टाकल्यावर प्लवक वाढले, पण त्यांना खाणारे छोटे प्राणीही सरसावले आणि खोल बुडालेला कार्बन फारच थोडा निघाला. समुद्र हिशेबाबाहेर वागला, आणि तो हिशेबाबाहेर का वागतो हे कळायला आधी त्यातले सूक्ष्मजीव ओळखावे लागतात.

प्रोक्लोरोकॉकस आपल्या अरबी समुद्रातही आहे. किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात नव्हे, दूर आत. तिथे काही खोलीखाली पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो, आणि नेमक्या त्या थरात, अंधुक निळ्या उजेडात, याचे काही वंश राहतात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी औषध कंपन्यांबरोबर दोना पावलाच्या वाटेचाही विचार करावा. एका जीवाला चाळीस वर्षं द्यायची तयारी असेल, तर तो समुद्र आपल्या दारात आहे.