श्रद्धेचे घर, प्रश्नांना दार

कॅथलिक विद्यापीठ चांगले कशाने ठरते? धर्म म्हणतो, विश्वास ठेव. विद्या म्हणते, विचारून पाहा. या दोघींना एका छपराखाली नांदवायचे, तर घरात थोडी कुरबुर होणारच. धर्माच्या नावाने शाळा-कॉलेजे काढणाऱ्या आपणा सर्वांनाच हा प्रश्न लागू आहे.

जॉन हेन्री न्यूमन यांनी डब्लिनमध्ये त्याला हात घातला. आयर्लंडच्या बिशपांना कॅथलिक तरुणांसाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे होते. न्यूमन यांनी १८५२ मध्ये व्याख्याने देऊन त्याची कल्पना मांडली आणि १८५४ मध्ये विद्यापीठ उघडले. त्यांचे म्हणणे असे की, विद्यापीठ हे सर्व विद्यांचे घर; मग ईश्वरविद्येलाच दार बंद का? मात्र आत आल्यावर तिने इतर विद्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये. चर्चचा आधार त्यांना हवा होता. पण विद्यापीठाचे खास काम बुद्धी घडवण्याचे, असे ते मानत.

व्यवहार अवघड निघाला. पदव्या देण्याची सरकारी सनद मिळाली नाही. कारभार कोणाच्या हाती असावा, यावर बिशपांशी खटके उडाले. १८५८ मध्ये न्यूमन पायउतार झाले. भरभराट झाली ती तिथल्या वैद्यकीय विद्यालयाची. कारण तिथे शिकून बाहेरच्या वैद्यकीय संस्थांचा परवाना मिळवता येई.

ही ओढाताण पुढेही संपली नाही. वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठातील फादर चार्ल्स करन यांना लैंगिक नीतीविषयीच्या मतांमुळे व्हॅटिकनने १९८६ मध्ये कॅथलिक ईश्वरविद्या शिकवण्यास अपात्र ठरवले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० मध्ये अशा विद्यापीठांसाठी आज्ञापत्र काढले. त्यात संशोधनाचे स्वातंत्र्य आहे, प्रत्येकाच्या सदसद्विवेकाचा आदर आहे. पण कॅथलिकेतर अध्यापकांचे बहुमत होऊ देऊ नये, असेही आहे. म्हणजे घराची ओळख राखायची आणि दारही उघडे ठेवायचे.

हे साधते का? मुंबईचे सेंट झेवियर्स १८६९ चे. ते विद्यापीठ नव्हे, कॉलेज. पण चालवणारे जेझुइट. तिथे फादर हेरास या स्पॅनिश धर्मगुरूंनी १९२६ मध्ये भारतीय इतिहासाची संशोधन संस्था उभारली आणि स्वतः विजयनगरच्या राजवंशावर ग्रंथ लिहिला. दुसऱ्यांचा इतिहास इतक्या निष्ठेने अभ्यासणे, हीही श्रद्धेचीच एक रीत म्हणावी लागेल.

भिंतीवर क्रूस आहे की नाही, यावरून माझ्यासारखा मुसलमान अशा संस्थेची पारख करणार नाही. प्रयोगशाळेत जे सिद्ध होईल ते तिथे मान्य होते का? गरिबाच्या पोराला प्रवेश मिळतो का? आणि अन्य धर्माची मुलगी वर्गात उभी राहून, 'फादर, मला हे पटत नाही,' असे म्हणाली, तर तिला उत्तर मिळते की 'खाली बस' म्हणून दटावले जाते? माझ्या लेखी ही शेवटची परीक्षा सर्वांत मोठी. आपल्या मदरशांना, मठांना आणि शिक्षणसंस्थांनाही ती द्यावीच लागेल.