तमिळ मांडायचे, पण कुठले?

साहित्यसंमेलनात विद्यार्थी तमिळचे दालन मांडतात तेव्हा संगम काव्य, 'तिरुक्कुरळ' पुढे येते. येणारच. पण आपल्या नगर जिल्ह्यातल्या पोरांनी आधी बामा यांचे 'करुक्कु' (1992) हाती घ्यावे. करुक्कु म्हणजे ताडाच्या पात्याची करवती धार. सरपण वेचताना ती अंगाला लागते. अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचे 'बलुतं' 1978 चे. दोन्ही नावे गावगाड्यातून उचललेली. बामा जोगीण झाल्या, तरी कॉन्व्हेंटमध्ये जात सुटली नाही. 1831 पासून अमेरिकन मिशन पाहिलेल्या नगरला हे परके वाटू नये! शिवाय हे पुस्तक पंडिती तमिळमध्ये नाही, वस्तीच्या बोलीत आहे. दालनात व्याकरणाचे तक्ते लावा, पण त्यांच्याशेजारी ही बोली मोठ्याने वाचली जाऊ द्या.