मिरांडा : एका स्त्रीनामाची व्युत्पत्ती व विस्तार

मिरांडा हे पाश्चात्त्य देशांत प्रचलित असलेले स्त्रीनाम लॅटिन भाषेतून आले आहे. ‘मिरारी’ म्हणजे विस्मित होणे. या क्रियापदापासून ‘मिरांडुस’ हे विध्यर्थी कृदंत (जेरंडिव्ह) सिद्ध होते. त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘मिरांडा’, अर्थात जिच्याकडे विस्मयाने पाहावे अशी. संस्कृतात दर्शनीय, वंदनीय ही ‘अनीय’ प्रत्ययान्त रूपे हेच कार्य करतात. या लॅटिन क्रियापदाचे मूळ आणि संस्कृतातील ‘स्मि’ हा धातू सगोत्र असल्याचे व्युत्पत्तिशास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे मिरांडा, स्मित आणि विस्मय हे शब्द परस्परांचे दूरचे आप्त ठरतात.

लॅटिनोद्भव स्त्रीनामांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. क्लारा (तेजस्वी) हे गुणवाचक नाम, तर जूलिया हे प्राचीन रोमन कुलावरून आलेले कुलवाचक नाम होय. अमांडा (प्रेम करण्यास योग्य) आणि मिरांडा ही नामे कृदंतजन्य वर्गात मोडतात.

मिरांडाला व्यक्तिनामाची प्रतिष्ठा शेक्सपिअरने दिली. त्याच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकाचा पहिला ज्ञात प्रयोग 1611 मध्ये झाला. पदच्युत ड्यूक प्रॉस्पेरो याची निर्जनप्राय बेटावर वाढलेली कन्या म्हणजे मिरांडा. तिचे नाव कळताच राजपुत्र फर्डिनंड त्याच्या अर्थावर श्लेष साधतो. यावरून नाटककाराने हे नाव अर्थ जाणूनच योजले होते, हे स्पष्ट होते.

पुढे या नावाचा संचार रंगभूमीपलीकडे झाला. 1948 मध्ये जेरार्ड कायपर यांनी युरेनसचा एक उपग्रह शोधला आणि त्याला मिरांडा हे नाव मिळाले. त्याचा व्यास सुमारे 470 किलोमीटर आहे. 1986 मध्ये व्हॉयेजर-2 यानाने पाठविलेल्या छायाचित्रांत त्यावरील खोल दऱ्या, उत्तुंग कडे आणि परस्परांशी विसंगत भासणारे भूभाग दिसले. दिल्लीतील ‘मिरांडा हाउस’ हे महिला महाविद्यालयही 1948 मध्येच स्थापन झाले.

गोव्यात मात्र मिरांडा हे प्रामुख्याने आडनाव म्हणून परिचित आहे. लोटली येथील व्यंगचित्रकार मारियो मिरांडा (1926–2011) यांच्यामुळे ते सर्वतोमुखी झाले. हे आडनाव पोर्तुगीज परंपरेतील असून पोर्तुगाल व स्पेनमधील मिरांडा नावाच्या गावांशी निगडित आहे. शेक्सपिअरच्या नायिकेशी त्याचा संबंध नाही. म्हणून व्यक्तिनाम व आडनाव यांचा इतिहास स्वतंत्रपणे अभ्यासणे इष्ट होय.