क्रोमवरची काळी साल

रस्त्याकडेचं विज्ञान : भाग ९

बेळगावात एपीएमसीचं गेट मागं टाकून कंग्राळीच्या रस्त्याला लागलं, की नवरात्राआधीच्या पंधरवड्यात दोन गोष्टी हटकून दिसतात. एक, उपवासासाठी निघालेल्या रताळ्यांची पोती. दुसरी, गॅरेजांपुढं नंबर लावून उभ्या राहिलेल्या गाड्या. खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची, म्हणजे त्याआधी तिची डागडुजी, धुणं, रंग सगळं उरकायला हवं. या दिवसांत पेंटर भेटणं तहसीलदार भेटण्याहून कठीण.

गेल्या रविवारी माझा मावसभाऊ त्याची भाजीची पिकअप घेऊन तिथल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरला. मी सोबत होतो. पुढच्या जाळीवर, आरशांच्या टोप्यांवर आणि दाराच्या मुठींवर शोरूममधूनच आलेलं चकचकीत क्रोम होतं.

"मिस्त्री, ही सगळी चांदी घालवा. काळं करा. खरं विकायच्या वेळी परत चकाकली पाहिजे हं."

(आमच्या भागात 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी गोंधळू नये.)

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे रंग मारायचा, खरं लागू द्यायचा नाही. असंच की?"

अगदी असंच. आजचा भाग त्या 'लागू न देण्या'बद्दल.

काळ्या गाड्यांची हौस आता कारपुरती राहिलेली नाही. एकेकाळी लॉरीवाला जास्तीचे पैसे मोजून स्टीलचा बंपर, स्टीलची जाळी, स्टीलच्या टोप्या बसवायचा. गाडी जितकी लखलखीत तितका मालकाचा तोरा मोठा. आता कंपन्या स्वतःच 'डार्क एडिशन' म्हणून काळ्या पट्ट्यांच्या गाड्या विकतात, आणि ज्यांच्या गाड्या चकचकीत आहेत त्यांना त्या जुनाट वाटायला लागल्यात. मला विचाराल तर लॉरीला क्रोमच शोभतं. खरं गाडी माझी नव्हती.

आधी हे क्रोम म्हणजे काय ते बघू. जाळीवरची चकाकती पट्टी हातात घेतली तर हलकी लागते, कारण ती बहुतेक वेळा एबीएस जातीच्या प्लॅस्टिकची असते. त्या प्लॅस्टिकवर आधी तांबं, मग निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम असे थर विजेच्या मदतीनं चढवलेले असतात. गंमत अशी, की जिला आपण क्रोमची चकाकी म्हणतो ती बरीचशी खालच्या निकेलची असते. क्रोमियम तिला निळसर झाक देतं आणि ओरखड्यांपासून वाचवतं. हा सगळ्यात वरचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. आपला केस पाऊणशे मायक्रॉनच्या आसपास जाड. म्हणजे केसाच्या जाडीत असे दीडशेहून जास्त थर मावतील. एवढ्याशा पापुद्र्यावर गाडीचा सगळा थाट उभा असतो.

या पापुद्र्याचा एक स्वभाव पेंटर लोकांच्या डोक्याला ताप देतो. क्रोमियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचं अतिपातळ, टणक आणि घट्ट आवरण आपोआप तयार होतं. घरातली स्टीलची भांडी गंजत नाहीत ती पोलादात मिसळलेल्या क्रोमियमच्या याच गुणामुळे. पण असा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि कशातही न गुंतणारा असतो. त्यावर साधा रंग मारला, तर त्याला पाय रोवायला जागाच मिळत नाही आणि चार महिन्यांत खपल्या पडतात. कायमचा रंग हवा असेल तर पॉलिश पेपरनं घासून क्रोमचा गुळगुळीतपणा मारावा लागतो, वर पकड देणारा प्रायमर लागतो. एकदा घासलेलं क्रोम परत चकाकत नाही.

वाळल्यावर सालीसारखा सोलून काढता येणारा स्प्रे याच खोडीचा फायदा उठवतो. पकड मिळत नाही ना? मग नकोच.

शाळेत असताना तळहातावर फेविकॉल पसरून, वाळवून, मग हळूहळू सोलून काढायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. नीट निघालं तर हातावरच्या रेषांसकट अख्खा पडदा सुटायचा, आणि तो बाकावरच्या मित्राला दाखवण्यात वेगळीच धन्यता असायची. ज्यांचा पडदा फाटायचा त्यांची चूक एकच असे : फेविकॉल कमी लावलेला. आईला सालपापड्या करताना पाहिलं असेल तरी हेच आठवेल. ताटलीवर पीठ बेताचं पसरलं की वाफवलेली पापडी कडेला नख लावताच अलगद उचलली जाते. पातळ पसरलं की तुकडे हातात येतात. पडद्याचं खालच्या पृष्ठभागाशी असलेलं नातं सैल हवं आणि पडद्याचं स्वतःशी असलेलं नातं घट्ट. क्रोमनं पहिली अट आयती पुरी केलेली असते. दुसरी अट पुरी करणं आपल्या हातात, आणि ती जाडीनं पुरी होते.

कॅनमध्ये असतो तो रबरासारखा लवचिक पॉलिमर, लवकर उडून जाणाऱ्या द्रावकांत विरघळवलेला. फवारा पृष्ठभागावर बसला की द्रावक उडतं, पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पडदा तयार होतो. या मालाला जगभर 'प्लॅस्टी डिप' हे नाव पडलंय, जसं आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या प्लॅस्टी डिप कंपनीची सुरुवात १९७२ची, आणि मूळ धंदा गाड्यांचा नव्हताच. पक्कड, पाना यांच्या मुठी पातळ रबरात बुडवून त्यांना मऊ आवरण द्यायचं, एवढंच काम. नावातलं 'डिप' ते बुडवणंच. स्प्रेचा कॅन नंतर आला, आणि चाकांवर, जाळ्यांवर, पुढं अख्ख्या गाड्यांवर तो मारण्याचं वेड तर साधारण २०१० च्या आसपास पसरलं. कल्पना मात्र त्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन नौदलानं शेकडो युद्धनौका बाजूला काढून ठेवल्या, तेव्हा त्यांच्या तोफांवर दमट हवा लागू नये म्हणून प्लॅस्टिकचा असाच सोलता येणारा कोश फवारला होता. लढाईची वेळ आली की साल काढा, तोफ तयार.

आता शेडमध्ये परत येऊ.

मिस्त्रींनी फवारण्याआधी तासभर नुसतं धुण्यात घालवला. साबणपाणी, ब्रश, परत साबणपाणी. मावसभाऊ नुकताच सर्व्हिसिंगवाल्याकडून गाडीला पॉलिश मारून आला होता, त्यामुळे मिस्त्री वैतागले होते. पॉलिशमधलं मेण किंवा सिलिकॉन राहिलं तर फवारा त्या जागेवरून पळतो आणि वाटोळे खड्डे पडतात. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. मी खिशातलं सॅनिटायझर पुढं केलं, तर त्यांनी बाटली उलटी करून मागचं वाचलं आणि परत दिली. त्यात ग्लिसरीन होतं. ते मागं चिकट थर ठेवतं.

मग हेडलाइट, नंबरप्लेट आणि बॉनेट मास्किंग टेप आणि जुन्या पेपरनं झाकलं. इथं एक सवलत मिळते. हा फवारा चुकून बाजूच्या रंगावर उडाला तरी घाबरायचं कारण नाही, तोही वाळल्यावर सोलून निघतो. कंपनीच्या मोनोग्रामला तर पेंटर मुद्दाम सढळ मारतात, मागचा पत्रा भिजला तरी चालतो. नंतर अक्षरांच्या कडेनं दात कोरायची काडी फिरवायची आणि पत्र्यावरचा पडदा उचलायचा. अक्षरं काळी राहतात.

कॅन मिनिटभर जोरात हलवला. पहिला हात वीतभर अंतरावरून, नुसता शिंपडल्यासारखा. अर्धं क्रोम उघडंच दिसत होतं. मावसभाऊ म्हणाला, "ह्ये काय, ठिपकेच मारालाय?" मिस्त्री बोलले नाहीत. हा विरळ हात म्हणजे पुढच्या हातांसाठी खरखरीत जमीन. पहिल्याच हाताला भरून मारलं तर गुळगुळीत क्रोमवरून ओघळ उतरतात. त्यानंतरचे हात भरून, ओले, दर हातानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबून. तिसऱ्या हाताला जाळी पूर्ण काळी झाली आणि मावसभावानं किल्ली काढली.

"झालं की! बस्स."

"दिसायला झालं. निघायला नाही झालं."

मला वाटतं त्या दिवसाचं सगळं शास्त्र या वाक्यात होतं. तिसरा हात डोळ्यासाठी असतो. चौथा, पाचवा, सहावा हात त्या दिवसासाठी, जेव्हा तुम्ही ही साल सोलायला बसाल. मावसभावानं एकच कॅन आणला होता आणि त्याला त्यात जाळी, आरसे, मुठी सगळं बसवायचं होतं. साधारण एका चाकाला एक कॅन असा हिशेब धरतात. त्यावरून एका कॅनची ऐपत ओळखावी. शेवटी कोपऱ्यावरून दुसरा आणला.

शेवटचा हात ओला असतानाच मिस्त्रींनी टेप ओढून काढला. वाळल्यावर ओढला असता तर टेपसोबत पडद्याची कडही फाटत आली असती. मग गाडी संध्याकाळपर्यंत हलवायची नाही, आणि धुवायची तर दुसऱ्या दिवसानंतर.

आमच्याकडं एक अडचण जास्तीची आहे, ती हवेची. बेळगाव अडीच हजार फुटांवर. जुलै-ऑगस्टमध्ये रिपरिप लागली की मार्कंडेय नदीच्या काठानं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. अशा हवेत फवारलं तर काळ्यावर पांढुरकी धुरकट छटा येते. द्रावक उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं, म्हणून तो भाग गार पडतो, आणि गार पृष्ठभागावर दमट हवेतलं पाणी जमतं. थंड ताकाच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसं. ते पाणी ओल्या पडद्यात अडकतं. म्हणून हे काम पाऊस उघडल्यावर करावं, तेही सकाळची ओल ओसरल्यावर. खंडेनवमीचा मुहूर्त या बाबतीत चांगला पडतो.

आणि मोकळ्या जागेत करावं. या द्रावकांची वाफ डोकं जड करते आणि झटकन पेट घेते. कॅनमधला दाबाचा वायूही ज्वालाग्राही असतो. निपाणी ते बेळगाव हा बिडी-तंबाखूचा पट्टा, त्यामुळे शेडमध्ये हा नियम पाळून घेणं किती अवघड हे मी सांगायला नको. मिस्त्रींनी मात्र एकाला बिडीसकट बाहेर काढला.

सोलण्याचा अनुभव माझा स्वतःचा आहे, आणि तो अभिमानाचा नाही. तीन-चार वर्षांमागं मी जुन्या कारच्या चारही चाकांच्या टोप्या एका कॅनमध्ये बसवल्या होत्या. दिसायला झकास. दीड वर्षानं काढायला बसलो, तर साल म्हणून काही निघेना. नखाएवढे तुकडे, तेही नखात अडकणारे. एक टोपी साफ करायला दुपार गेली. शेवटी एका पोरानं युक्ती सांगितली : उरलेल्या तिन्ही टोप्यांवर नवा कॅन आण आणि जाडजूड मार. नवं द्रावक जुन्या पडद्याला मऊ करतं, दोन्ही एकजीव होतात आणि वाळल्यावर अख्खी साल एकत्र उचलते. काढण्यासाठी आणखी लावायचं, हे मला पटेपर्यंत अर्धा दिवस गेला. निघालं मात्र पाच मिनिटांत.

ही साल कायमची नाही. उन्हानं ती हळूहळू लवचिकपणा गमावते. दोन-तीन वर्षांत सोलून नवी मारावी, कडक होईपर्यंत वाट बघू नये. पेट्रोल-डिझेल सांडलं तर ती विरघळते किंवा फुगते, म्हणून टाकीच्या झाकणाच्या आसपास मारू नये. आणि जिथं क्रोमला आधीच फोड आलेत, गंज डोकावतोय, तिथं तर मुळीच नको. झाकलेल्या गंजाला ओल मिळत राहते, आणि सोलताना सुटलेलं क्रोम सालीसोबतच उतरतं. लॉरीच्या स्टीलच्या बंपरबद्दलही माझं मत हेच : रोज चिखल, दगड आणि पार्किंगची टक्कर खाणाऱ्या बंपरवर ही नाजूक साल महिनाभरात ओरबाडली जाते. तो खर्च वाया.

कायद्याची बाजू थोडक्यात. आरसीवर गाडीच्या अंगाचा रंग नोंदलेला असतो. अंगाचा रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करावी लागते, जाळीची पट्टी काळी केल्यानं तो प्रश्न येत नाही. पण काळं करण्याच्या भरात दिवे, नंबरप्लेट किंवा मालवाहू गाडीवरची रेडियमपट्टी यांवर एक थेंबही जाऊ देऊ नका. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल ही पट्टी सजावट नव्हे. रात्री हायवेवर बंद पडलेल्या गाडीची तेवढीच ओळख असते. ती पट्टी अंधारात कशी चमकते आणि तिच्यात रेडियम नावालाही नसताना तिला रेडियम का म्हणतात, ते पुढच्या रविवारी.

तोवर, दसऱ्याआधी कुणी हे करायला निघालं असेल तर त्यांना एवढंच सांगणं : एकच कॅन घेणार असाल तर त्यात फक्त जाळी करा. आरसे आणि मुठी पुढच्या पगाराला.